पाठ केलेले शब्द आणि ओळखीचे शब्द

(कुडाळ येथे भरलेल्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या शिक्षण विभागाच्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. वाचकांसाठी थोडं संक्षिप्त करून देत आहोत.)



मला दिलेला विषय साधा आहे: आपल्या मुलींची इंग्रजी शब्दसंपत्ती कशी वाढवायची. पण या विषयामागे हिशेबातली एक ओळ आहे, हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. गेल्या वर्षीच्या अहवालात शिक्षण खर्चाखाली ‘इंग्रजी भाषा परीक्षा, एक विद्यार्थिनी’ अशी नोंद होती आणि निकालाच्या रकान्यात ‘अपेक्षित गुण मिळाले नाहीत’ असं लिहिलं होतं. त्यानंतर समितीकडे दोन पत्रं आली. एका बंधूंनी विचारलं, एवढ्या पैशांत वाडीवरच्या कितीतरी मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली असती, नाही का? एका भगिनींनी विचारलं, आदिवासी मुलीला परदेशी पाठवणं हे आपलं काम आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांची उत्तरं द्यायचा प्रयत्न करते, आणि त्यात माझी चूक कुठे झाली तेही सांगते.

पवित्र शास्त्रात भाषेची एक परीक्षा आहे, ती तुम्हांला आठवत असेल. शास्ते, बारावा अध्याय. इफ्ताहाच्या गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार रोखून धरले. पळून आलेला माणूस पलीकडे जाऊ द्या म्हणाला, की ते त्याला एकच शब्द म्हणायला सांगत: शिब्बोलेथ. एफ्राइमी माणसाला ‘श’ म्हणता येत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तिथेच मारला जाई. त्या वेळी बेचाळीस हजार माणसं पडली असं शास्त्र सांगतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा उतारा शिकले, तेव्हा तो मला जुन्या काळची एक क्रूर गोष्ट वाटला होता. आता आमच्या मुली परीक्षेला बसतात तेव्हा तो वेगळाच वाटतो. आजही नदीच्या उतारावर कोणीतरी उभं आहे आणि पलीकडे जाणाऱ्याला शब्द विचारतं आहे. सुदैवानं आज जीव जात नाही. फी जाते, वर्ष जातं, आणि पोरीचा स्वतःवरचा विश्वास जातो.

त्या शब्दाचे अभ्यासक दोन अर्थ देतात. एक, धान्याचं कणीस. दुसरा, वाहता प्रवाह. हा दुसरा अर्थ लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव मी घेणार नाही, तशी तिची विनंती आहे. ती आपल्या ठाकर समाजातली. आपल्या वसतिगृहात राहून बारावी झाली, मग तीन वर्षांचा नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम पुरा केला, आणि आज गोव्यातल्या एका रुग्णालयात काम करते. घरात शिकलेली पहिली. तिच्याबरोबरच्या केरळच्या मुली इंग्लंडला जायची तयारी करत होत्या, ते पाहून तिनं विचारलं, “ताई, मी पण बसू का?” मी बस म्हटलं.

परीक्षा कोणती, ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांची नातवंडं आज ना उद्या तिला बसणार आहेत. आयईएलटीएस. १९८९ सालापासून ती चालू आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. गुण शून्य ते नऊ, अर्ध्या अर्ध्यानं वाढत जाणारे. इथे पास-नापास असं काही नसतं. ज्याला तुमची गरज आहे तो किती गुण मागतो, त्यावर सगळं. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी ऐकणं, वाचणं, बोलणं यांत सात-सात आणि लेखनात साडेसहा लागतात. निकाल दोन वर्षं चालतो. फी सतरा हजारांच्या पुढे. आणि लेखनात व बोलण्यात गुण देताना ज्या चार गोष्टी पाहतात त्यांतली एक पुरती शब्दसंपत्ती आहे. म्हणजे पाव भाग नुसत्या शब्दांचा.

हा पाव भाग ऐकला आणि मी घाबरले. इथे माझी चूक सुरू होते.

एका मोठ्या शहरातल्या शिकवणी वर्गाकडून मी टपालानं एक पुस्तिका मागवली. झेरॉक्स केलेली, स्पायरल बांधलेली, तीन हजार ‘वजनदार’ शब्दांची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पोरीला म्हटलं, रोज पन्नास. रात्रपाळी करून आल्यावर ती आंघोळ करायची, चहा प्यायची आणि पाठ करायला बसायची. तीन महिन्यांत तिनं पुस्तिका दोनदा संपवली. मी फोनवर विचारायचे आणि ती धडाधड सांगायची. ‘प्लेथोरा’ म्हणजे? भरमार. ‘अमेलिओरेट’ म्हणजे? सुधारणं. मला धन्य वाटायचं.

मग परीक्षेचा दिवस आला. बोलण्याच्या भागात एक चिठ्ठी देतात, एक मिनिट विचार करायला देतात आणि मग एक-दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. तिला विषय आला तो असा काहीसा: पाण्याजवळची तुमची आवडती एखादी जागा. तुम्हीच सांगा, याहून सोपा विषय तिला कोणता येणार होता? तिचं सगळं बालपण व्हाळाच्या काठावर गेलं. व्हाळ पावसात कसा फुगतो, साकव कधी वाहून जातो, कोंडीत मासे कुठे लपतात, उन्हाळ्यात वाळूत खळगा खणला की पाणी कसं झिरपून येतं, हे तिला जेवढं माहीत आहे तेवढं त्या परीक्षकाला जन्मात माहीत होणार नाही. पण व्हाळाला इंग्रजीत काय म्हणतात? काठाला काय? डोहाला काय? झिरपण्याला काय? तीन हजार शब्दांत यातला एकही नव्हता. ती म्हणाली, “नियर माय हाऊस देअर इज अ रिव्हर.” थांबली. मग म्हणाली, “देअर इज अ प्लेथोरा ऑफ वॉटर.” आणि मग तिला रडू यायला लागलं.

नंतर ती स्वतःच हे सांगून हसली. मला हसता आलं नाही.

निकाल आला: ऐकणं साडेसहा, वाचन सहा, बोलणं सहा, लेखन साडेपाच. वाईट म्हणावा असा हा निकाल नाही. आठवीपर्यंत इंग्रजीचं पुस्तक नीट उघडलेलं नव्हतं अशा मुलीचा तो निकाल आहे. पण उताराच्या पलीकडे जायला तेवढं पुरत नव्हतं.

बंधुभगिनींनो, मी पुष्कळ दिवस विचार केला. चूक पोरीची नव्हती, तिनं माझं ऐकलं होतं. चूक ही की मी तिला शब्दांशी ओळख करून द्यायच्या ऐवजी त्यांची यादी दिली.

तुम्ही आणि मी शब्द कसे शिकलो? तिचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात तिची आजी तिला घेऊन रानात जायची. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या भाज्यांची नावं तिला कोणी फळ्यावर लिहून दिली नाहीत. आजीनं पान तोडून हातात दिलं, वास घ्यायला लावला, हे कोवळं घे आणि ते जून ठेव म्हणून सांगितलं, घरी नेऊन ती भाजी केली. पुढच्या आठवड्यात तेच पान पुन्हा दिसलं आणि आजीनं विचारलं, ह्यां काय? पोर चुकली तर आजी हसली आणि परत सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा. अशा दहा-बारा भेटींनंतर तो शब्द तिचा झाला, आणि तो आता म्हातारपणापर्यंत जात नाही. शब्द माणसासारखा असतो. एकदा नाव सांगितल्यानं ओळख होत नाही. पुन्हा पुन्हा भेटावं लागतं, त्याच्या घरची माणसं कोण ते कळावं लागतं, आणि कधीतरी त्याला कामाला लावावं लागतं.

पिंगुळी इथे कुडाळच्या दाराशी आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. त्यांच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या वसतिगृहात आपण पेढे वाटले होते. चित्रांची पोथी मांडीवर, एक चित्र उचलायचं, त्याची कथा गात सांगायची, मग पुढचं. चित्र, सूर आणि शब्द एकत्र येतात आणि ऐकणाऱ्या पोराच्या मनात बसतात. शब्द शिकवण्याची एवढी जुनी आणि पक्की रीत ज्या समाजाकडे आहे, त्याच समाजाच्या मुलीला मी स्पायरलची पुस्तिका दिली.

मग मी थोडं वाचलं. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला शिकवत होते. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी साधं पुस्तक वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. कारण शोधलं तर क्रमिक पुस्तकं क्वचित भेटणाऱ्या शब्दांनी भरलेली होती. नेहमी लागणारे शब्द आधी द्या, असं त्यांनी धरलं. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार नित्य शब्दांची यादी छापली. साधारण अभ्यासाच्या पुस्तकातला तीन-चतुर्थांश मजकूर या शब्दांत आणि त्यांच्या कुटुंबात येतो. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली त्याला जोड दिली, ती ५७० शब्दकुळांची: असेस, रिक्वायर, अफेक्ट, बेनिफिट, सिग्निफिकंट असे शब्द. अभ्यासाच्या पुस्तकांतला आणखी दहावा हिस्सा तेवढ्यात येतो. म्हणजे पहिल्या अडीच-पावणेतीन हजार शब्दकुळांत पुष्कळसं काम भागतं. आमच्या मुलीनं तीन हजार शब्द पाठ केले होतेच. फक्त ते भलतेच तीन हजार होते.

आता आम्ही काय करतो ते सांगते. तुमच्या घरीही हे करता येईल, त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, चपलांचा रिकामा खोका. त्यात पुठ्ठे घालून पाच कप्पे करायचे. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७२ साली आपल्या पुस्तकात मांडली. एका चिठ्ठीवर एक शब्द. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज तपासायचा. शब्द आठवला तर चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात जाते, तो दोन दिवसांनी. मग तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. कुठेही विसरला की चिठ्ठी परत पहिल्या कप्प्यात. शिकलेलं सगळ्यात वेगानं विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, हे एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिलं होतं. खोका नेमका त्याच वेळी आपल्याला गाठतो. रोज पन्नास शब्दांचं खूळ आम्ही सोडलं. रोज आठ नवे आणि बाकी वेळ जुन्यांची भेट.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीच्या मागे मराठी अर्थ एकटा लिहायचा नाही. शब्दाचे सोबती लिहायचे आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचं. सोबती म्हणजे काय? आपण मराठीत म्हणतो ‘डोळे आले’, ‘तोंड आलं’, ‘उसण भरली’, ‘अंगात कसर आहे’. परक्या माणसानं ‘डोळे’ आणि ‘येणे’ हे दोन्ही शब्द कोशात पाहिले तरी त्याला काही कळेल का? इंग्रजीचंही तेच. आपल्याकडे ताप भरतो किंवा चढतो. त्यांच्याकडे माणूस ‘रनिंग अ टेंपरेचर’ असतो, म्हणजे त्यांचा ताप धावतो! पाऊस जोराचा असेल तर तो ‘स्ट्राँग’ नसतो, ‘हेवी’ असतो. शब्द एकटा पाठ केला की वाक्यात तो चुकीच्या माणसाचा हात धरतो. ‘प्लेथोरा’नं पाण्याचा धरला तसा.

तिसरी गोष्ट, शब्दाचं कुटुंब. एक शब्द घेतला की त्याची भावंडं बरोबर आणायची. आमच्या मुलीनं घेतलेला पहिला शब्द होता ‘ब्रेथ’, श्वास. त्यामागून ‘ब्रीद’, ‘ब्रीदिंग’, ‘ब्रेथलेस’, ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ’, ‘टेक अ डीप ब्रेथ’. तिच्या वॉर्डात हे रोज कानांवर पडतात. खोक्यात चिठ्ठी टाकल्या दिवशीच तिनं एका पेशंटला ते वाक्य म्हटलं आणि पेशंटनं खरोखरच दीर्घ श्वास घेतला. रात्री फोनवर मला म्हणाली, “ताई, शब्द चालला!” दोन वेळा संपवलेल्या पुस्तिकेतला एकही शब्द तिच्यासाठी असा चालला नव्हता.

चौथी गोष्ट, बोलायला माणूस. आपल्याच मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका बाई आठवड्यातून दोनदा अर्धा तास तिच्याशी फोनवर इंग्रजीत बोलतात. व्याकरण मध्येच थांबवून सुधारत नाहीत. बोलणं संपल्यावर तीन शब्द सांगतात, जे तिला हवे होते पण सापडले नाहीत. तेच तीन दुसऱ्या दिवशी खोक्यात. ज्याची उणीव भासली तो शब्द सगळ्यात लवकर रुजतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आणि उच्चाराची लाज. मुख्य याजकाच्या अंगणात पेत्राची बोली त्याला उघडी पाडते, ते तुम्हांला माहीत आहे. आमच्या मुलींनाही वाटतं की आपली मालवणी हेल लागलेली इंग्रजी आपल्याला उघडी पाडेल. परीक्षा इंग्रजासारखा उच्चार मागत नाही. समजेल असा मागते. इथे ती शिब्बोलेथपेक्षा बरीच दयाळू आहे. हे मुलींना दहादा सांगावं लागतं.

येत्या महिन्यात ती पुन्हा बसणार आहे, पण या वेळी ओईटी नावाच्या परीक्षेला. ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच असते. तिची फी आयईएलटीएसपेक्षा जास्त आहे, हे मी लपवत नाही. पण तिच्यात लेखन म्हणजे रुग्णाला पुढे पाठवताना लिहायचं पत्र, आणि बोलणं म्हणजे रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी केलेली बातचीत, समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बसतो. इथे वजनदार शब्द टाकला तर तोटाच. रुग्णाला ‘एडिमा’ म्हटलं तर तो तोंडाकडे पाहील. ‘युवर फीट आर स्वोलन’ म्हटलं तर त्याला कळेल. डॉक्टरांचा शब्द आणि आजीबाईचा शब्द दोन्ही माहीत असणं आणि कोणासमोर कोणता वापरायचा हे कळणं, ही खरी शब्दसंपत्ती. आमची मुलगी हे मराठीत रोज करते. डॉक्टर म्हणतात ‘हायपरटेन्शन’, ती म्हाताऱ्या माणसाला सांगते ‘रक्ताचा दाब वाढलाय, मीठ कमी करा’. हेच तिला इंग्रजीत करायचं आहे.

या रस्त्यानं आपल्या आधी मोठी माणसं गेलेली आहेत. इथून गोव्याची हद्द किती लांब? तिकडे १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू आले. आपण त्यांना फादर स्टीफन्स म्हणतो. त्यांना आपली भाषा शिकायची होती, म्हणजे परीक्षा उलटी होती. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं १६१६ साली, येऊन सदतीस वर्षांनी. जवळजवळ अकरा हजार ओव्या. शब्दांची ओळख किती धीरानं करायची असते याचं याहून मोठं उदाहरण आपल्या किनाऱ्यावर नाही.

आणि पंडिता रमाबाई. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत होतं म्हणून ते राहिलं. अशा बाईनं परक्या देशात, परकी भाषा, कमी ऐकू येणाऱ्या कानांनी आपलीशी केली. १८८७ साली त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि तिथल्या लोकांनी विधवा मुलींच्या शाळेसाठी मदत उभी केली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. मागच्या बाकांवरच्या मुलींनो, रमाबाईंनी इंग्रजी शब्द मिरवायला कमावले नव्हते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि त्यासाठी ते लागत होते. आणि पुढे त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली बाहेर पडलं. इतक्या भाषा शिकलेली बाई शेवटी खेड्यातल्या बाईच्या शब्दाकडे परत आली.

आता दुसरं पत्र. आदिवासी मुलीला परदेशी पाठवणं हे आपलं काम आहे का?

हाच प्रश्न मला तिच्या आईनंही विचारला होता, तुमच्या पत्राच्या कितीतरी आधी. मी घरी गेले होते, तिनं काळा चहा दिला आणि म्हणाली, “ताई, चेडवाक भायर धाडतास, तां परत येतलां मां?” मी गप्प बसले. परत येईल असं वचन मी त्या माऊलीला देऊ शकत नाही. तुम्हांलाही देऊ शकत नाही. आपल्यातल्या किती घरांतली मुलं आखातात, इस्राएलात, इंग्लंडात आहेत? त्यांना पाठवताना आपण कोणाची परवानगी मागितली होती? आपल्या मुलांनी जावं आणि वाडीवरच्या मुलीनं मात्र समाजाची सेवा करत इथेच राहावं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नाही. उतार सगळ्यांसाठी खुला असला पाहिजे. पलीकडे जायचं की अलीकडेच राहायचं हे तिचं तिला ठरवू द्या. शब्द नाहीत म्हणून मागे राहावं लागणं, हे तिचं ठरवणं नव्हे.

आणि पहिल्या पत्राला उत्तर असं. बंधू, तुम्ही बरोबर विचारलंत. पहिल्या वेळचे पैसे फुकट गेले, आणि त्याला मुलगी नव्हे, मी कारणीभूत आहे. पण त्यातून जे शिकलो ते वाडीवरच्या मुलांपर्यंत पोचलं आहे. आठवी-नववीच्या मुलींकडे आज प्रत्येकी एक खोका आहे. त्यांच्या पहिल्या शंभर चिठ्ठ्यांत चूल, विहीर, बांध, पेंढा, कोंबडी, सर्दी, खोकला यांचे इंग्रजी शब्द आहेत. ज्या गोष्टी त्या हातानं हाताळतात, त्या आधी. त्यांच्यातल्या किती जणी पुढे अशा परीक्षेला बसतील मला माहीत नाही. पण वर्गात प्रश्न विचारला की आता त्या खाली मान घालत नाहीत.

माझी तीन मागणी आहे. एक, ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी आठवड्याला अर्धा तास द्यावा, फोनवर, एका मुलीला. सुधारू नका, गप्पा मारा. दोन, घरातली मुलांची सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं रद्दीत घालू नका, आमच्याकडे पाठवा. जाडजूड शब्दकोश नकोत. तीन, दुसऱ्या वेळच्या फीला समितीनं मान्यता द्यावी, आणि निकाल काहीही लागला तरी मुलीवर बोट ठेवू नये. निकाल काय लागेल ते आज मला माहीत नाही. ती पुन्हा थोडक्यात राहू शकते. ते धरूनच मी हे मागते आहे.

परवा रात्री तिचा फोन आला. ड्यूटी संपली होती. म्हणाली, “ताई, घड्याळ लावा.” आणि तिनं मला व्हाळाबद्दल इंग्रजीत सांगितलं. स्ट्रीम म्हणाली, बँक म्हणाली, पूल म्हणाली, पाणी वाळूतून झिरपतं त्याला सीप म्हणाली. साकव वाहून गेला त्या वर्षी बाबांनी तिला खांद्यावर घेऊन पलीकडच्या शाळेत पोचवलं, तेही सांगितलं. दोन ठिकाणी अडखळली. मी घड्याळ पाहिलं तेव्हा दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती, आणि ती अजून बोलतच होती.

तिची प्रार्थनेत आठवण ठेवा. तिच्या आईचीही ठेवा. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.